सल्ला: नवरा बॉक्सर आहे, डोकं दुखतंय आणि फाइटचा फोन आलाय

पत्र थोडक्यात: नागपूरच्या एका मैत्रिणीने लिहिलंय, नाव-वस्ती काढून टाकलीये. ती २९ वर्षांची, खासगी बँकेत नोकरी. नवरा ३३ चा, प्रोफेशनल बॉक्सर, लाइट हेवीवेट म्हणजे १७५ पौंडांच्या गटात लढतो. सहा वर्षांत ११ फाइट, ६ जिंकल्या, ५ हरल्या, शेवटच्या दोन लागोपाठ हरल्या आणि त्यातली दुसरी तर तिसऱ्या राउंडला नॉकआउट. त्याला अडीच महिने झाले. तेव्हापासून त्याचं डोकं दुखतं, गाडीची किल्ली कुठे ठेवली आठवत नाही, चार वर्षांच्या पोरावर उगाच ओरडतो. एरवी एका जिममध्ये ट्रेनर आहे. आता एका एजंटचा फोन आलाय, तीन आठवड्यांनी परदेशात आठ राउंडची फाइट, समोर तिथलाच एकही फाइट न हरलेला पोरगा, पैसे दोन लाख. याचं वजन सध्या ९१ किलो. तो म्हणतो, "हॉपकिन्स ४६ व्या वर्षी चॅम्पियन झाला, मी तर ३३ चाच आहो." सासूबाई म्हणतात बायकोने हिंमत द्यायची असते, पाय ओढायचे नसतात. एका रात्री मात्र त्यानेच तिला विचारलं, "डॉक्टरले दाखवू का वो? पण कोणाले सांगू नको." तिचा प्रश्न असा की याला थांबवू कसं? वय झालंय हे कसं पटवू? थांबवलं तर जन्मभर म्हणेल तुझ्यामुळे राहिलं, नाही थांबवलं तर माझी झोप जाईल.

मैत्रिणी,

तुझं पत्र आलं त्या रात्री मी ते चारदा वाचलं. माझा मोठा भाऊ कॉलेजात असताना बॉक्सिंग करायचा आणि मी त्याच्या कॉर्नरमागे पाण्याची बाटली धरून बसायचे, त्यामुळे डोक्यावर ठोसा बसतो तो आवाज मला माहितीये, टीव्हीवर तो येत नाही. तुला झोप का लागत नाही ते मला समजावून सांगायची गरज नाही.

आधी वयाचं बोलते, कारण तू त्याच मुद्द्यावर भांडायला निघालीयेस आणि तिथे तू हरशील. या वजनात तुझ्या नवऱ्याचं म्हणणं खरं आहे. लाइट हेवीवेटमध्ये माणसं उशिरा पिकतात. आर्ची मूर १९५२ मध्ये चॅम्पियन झाला तेव्हा तो ३६ चा होता की ३९ चा यावरच वाद आहे, कारण त्याच्या जन्माची दोन वेगवेगळी सालं सांगतात, आणि पुढे कितीतरी वर्षं त्याने तो किताब सोडला नाही. आर्तुर बेतेरबिएव्हने ऑक्टोबर २०२४ मध्ये रियाधला दिमित्री बिवोलला हरवून या वजनातले चॅम्पियनचे सगळे पट्टे एकत्र केले तेव्हा तो ३९ चा होता. आणि बर्नार्ड हॉपकिन्स, ज्याचं नाव तुला घरात रोज ऐकावं लागतंय, त्याने मे २०११ मध्ये जाँ पास्कलला हरवलं तेव्हा तो खरंच ४६ चा होता. म्हणजे "तुझं वय झालं" म्हणालीस की तो तुला तीन नावं फेकून मारणार आणि तुझ्याकडे उत्तर नसणार.

पण हॉपकिन्सचं नाव घेतलंच आहे तर ते पूर्ण घ्यावं ना. तो एवढा टिकला कारण त्याने मार खाल्ला नाही. पकडायचा, सरकायचा, समोरच्याला कंटाळा आणायचा, लोक शिव्या द्यायचे की ही काय फाइट आहे, पण ठोसा यायचा तिथे त्याचं डोकं नसायचंच. पहिलीच प्रो फाइट १९८८ मध्ये याच वजनात हरला होता तो, तरी पुढच्या २८ वर्षांत त्याला कोणी अर्ध्यात थांबवू शकलं नव्हतं. थांबवलं ते एकदाच, डिसेंबर २०१६ मध्ये, ५१ व्या वर्षी, जो स्मिथ ज्युनियरने ठोसे मारून दोऱ्यांमधून रिंगच्या बाहेर पाडलं, आणि ती त्याची शेवटची फाइट. तुझा नवरा अडीच महिन्यांपूर्वी तिसऱ्या राउंडला पडलाय आणि त्याचं डोकं अजून दुखतंय. म्हणून वय मोजू नकोस बाई, ठोसे मोज. फाइटमधले तर मोजच, पण जास्त करून स्पॅरिंगमधले, म्हणजे सरावात एकमेकांशी लढतानाचे, कारण बॉक्सरला सगळ्यात जास्त मार जिममध्ये बसतो, तिथे ना रेफरी असतो ना रिंगजवळ डॉक्टर. त्याच्या जिममध्ये याच वजनाचा दुसरा कोण आहे? आपल्याकडे जड वजनाची पोरं कमी, मग ९५-१०० किलोच्या कोणाशी तरी राउंड मारायचे नाहीतर एखाद्या नवख्याशी. हे त्याला विचार. अकरा फाइटचा रेकॉर्ड कोणीही इंटरनेटवर बघू शकतं, स्पॅरिंगचा रेकॉर्ड कुठेच लिहिलेला नसतो.

आता तुझ्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली ओळ. तू ती शेवटी आणि घाईत लिहिलीयेस, की त्यानेच रात्री विचारलं डॉक्टरला दाखवू का. अगं, बॉक्सर लोक डोकेदुखी लपवण्यात पटाईत असतात, गोळी घेतात आणि पॅड मारायला जातात. ज्याने स्वतःहून बायकोला सांगितलं तो काहीतरी मागतोय. तू समजतेयस की त्याला काही कळतच नाही आणि तुला त्याला ओढून थांबवायचंय, मला तर वाटतं त्याला कळलंय, तो घाबरलाय आणि ते म्हणायला त्याला जागा मिळत नाहीये, कारण घरात एकीकडे आई हिंमत हिंमत करतेय आणि दुसरीकडे तू वय वय करतेयस. या दोन्हींच्या मध्ये "माझं डोकं दुखतंय" हे वाक्य कुठे बसवायचं त्याने?

म्हणून माझं म्हणणं, तुझ्या पत्रात एकात एक अडकलेले दोन प्रश्न आहेत ते वेगळे कर. एक, ही फाइट घ्यायची का. दोन, बॉक्सिंग सोडायचं का. दुसऱ्या प्रश्नाला सहा महिने लागले तरी चालतील. पहिल्याचं उत्तर मी आत्ताच देते, नाही. मी एरवी या सदरात असं ठाम बोलत नाही, दोन्ही बाजू मांडते, इथे दुसरी बाजू नाहीये. नॉकआउटनंतर अडीच महिने डोकेदुखी, विसराळूपणा आणि चिडचिड असेल तर मेंदू अजून सावरलेला नाही असंच धरून चालायचं, आणि न सावरलेल्या मेंदूवर दुसरा मार बसला तर तो पहिल्यापेक्षा हलका असला तरी भारी पडू शकतो. हे फाइटपुरतं नाही, स्पॅरिंग आजपासून बंद.

याच वजनातलं उदाहरण आहे, वाईट आहे पण सांगते. अडोनिस स्टीव्हन्सन पाच वर्षं लाइट हेवीवेट चॅम्पियन होता. १ डिसेंबर २०१८ ला क्यूबेकमध्ये ओलेक्सांद्र ग्वोझ्दिकने त्याला अकराव्या राउंडला पाडलं. हॉस्पिटलात नेलं, डोक्याचं ऑपरेशन झालं, काही आठवडे कोमात होता, वाचला, पण चालायला-बोलायला पुन्हा शिकावं लागलं. आणि तो चॅम्पियन होता, त्याच्या फाइटला डॉक्टर, ॲम्ब्युलन्स, हॉस्पिटल सगळं तयार होतं. तुझ्या नवऱ्याला ज्या हॉलमध्ये बोलावलंय तिथे काय आहे हे एजंटने सांगितलंय का?

डॉक्टरकडे जा म्हणजे कुठे जा तेही सांगते. न्यूरॉलॉजिस्टकडे जायचं, जिमच्या ओळखीच्या हाडाच्या डॉक्टरकडे नाही. नागपुरात मेडिकलचं सुपर स्पेशालिटी आहे, मिहानला एम्स आहे, खासगीत जायचं तर धंतोली-रामदासपेठेत एका गल्लीत चार सापडतील. जाताना नॉकआउटचा व्हिडिओ मोबाइलवर घेऊन जा, डॉक्टरला दाखव, कारण "जरा लागलं होतं" असं तो सांगेल आणि व्हिडिओ वेगळंच सांगेल. तू स्वतः सोबत जा आणि किल्लीचं, पोरावर ओरडण्याचं तू सांग, या गोष्टी माणसाला स्वतःला दिसत नाहीत. आणि एक नीट लक्षात ठेव, एमआरआय नॉर्मल आला म्हणजे सगळं ठीक असं नसतं. कन्कशन, म्हणजे मार लागून मेंदू हादरणं, बऱ्याचदा स्कॅनमध्ये दिसतच नाही. रिपोर्ट क्लिअर आला की तो नाचत घरी येईल, म्हणून डॉक्टरला सरळ विचार, "याला लक्षणं आहेत तोवर डोक्यावर मार चालेल का?" आणि उत्तर कागदावर लिहून घे. यातच कधी उलट्या सुरू झाल्या, वाढत जाणारी डोकेदुखी, बोलणं अडखळलं, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसली, हातपाय लुळा वाटला किंवा तो नको तेव्हा गुंगीत जायला लागला तर अपॉइंटमेंट वगैरे नाही, सरळ कॅज्युअल्टी, रात्रीचे तीन वाजले असले तरी.

आता वजन. ९१ वरून १७५ पौंड म्हणजे साधारण ७९.४ किलो. साडेअकरा किलो, तीन आठवड्यांत, आणि तेही आपल्या नागपूरच्या उन्हात. ते कसं काढतात तुला माहिती असेलच, शेवटच्या आठवड्यात पाणी तोडायचं, प्लास्टिकचा सूट घालून पळायचं, थुंकत बसायचं. प्रो बॉक्सिंगमध्ये वजन आदल्या दिवशी होतं, त्यामुळे पोरांना वाटतं काटा पार केला की रात्रभर पिऊन-खाऊन भरून काढू, पण काट्यावर परत आलेले किलो आणि शरीर सावरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कोरड्या पडलेल्या शरीराने डोक्यावर मार घेणं जास्त धोक्याचं हे डॉक्टर सांगतात.

उष्णतेचं तर एक जुनं उदाहरण याच किताबाचं आहे. २५ जून १९५२, न्यूयॉर्कचं यांकी स्टेडियम, जोई मॅक्सिमचा लाइट हेवीवेट किताब आणि आव्हान द्यायला शुगर रे रॉबिन्सन, जो खालच्या वजनातून वर आला होता. रिंगमध्ये दिव्यांखाली पारा ४० च्या आसपास. रॉबिन्सन गुणांवर पुढे होता, आरामात जिंकत होता. दहाव्या राउंडनंतर रेफरी रूबी गोल्डस्टीनलाच उष्णता लागली, दुसरा रेफरी आणावा लागला. तेराव्यानंतर रॉबिन्सन स्टुलावरून उठू शकला नाही. त्याच्या अख्ख्या करिअरमध्ये तो असा अर्ध्यात थांबला तो एकदाच, आणि तेही उष्णतेने. ४० डिग्री म्हणजे आपल्याकडे एप्रिलमधलाच दिवस, मे तर अजून पुढचं. तुझा नवरा त्या उन्हात सूट घालून फुटाळा तलावावर पळणार.

फोनचं बोलते. न हरलेला लोकल पोरगा, त्याचंच गाव, तीन आठवड्यांची नोटीस, समोर नुकताच नॉकआउट झालेला माणूस. हे कोणाला बोलावतात? प्रमोटरला आपल्या पोराचा रेकॉर्ड फुगवायचा असतो, त्यासाठी नाव बरं असलेला, वजनात बसणारा, पण जिंकणार नाही असा माणूस लागतो. तो हरावा म्हणूनच त्याला तिकीट पाठवतात. हे तुझ्या नवऱ्याला कमी लेखायला लिहीत नाहीये, जगभर शेकडो चांगले बॉक्सर असेच पोट भरतात आणि त्यात कष्ट आहेत, पण आपल्याला कशासाठी बोलावलंय ते माहीत असून जाणं वेगळं आणि "ही माझी कमबॅक फाइट" समजून जाणं वेगळं. त्याने ती टेप बघितली का, त्या पोराची? बघ म्हणावं, आणि स्वतःची शेवटची पण, एकामागून एक.

आणि दोन लाख म्हणजे हातात किती? मॅनेजर चौथा हिस्सा किंवा त्याहून जास्त घेतो, कोच साधारण दहा टक्के, मग कॉर्नरच्या माणसाचं तिकीट कोणाचं, व्हिसा, मेडिकल, महिन्याचं खाणं, तिथे कापला जाणारा टॅक्स, आणि जिमचा पगार तेवढे दिवस बुडणार. तू बँकेत आहेस, बस त्याच्यासोबत आणि कागदावर मांड, भांडण म्हणून नाही, दोघांनी मिळून. माझ्या अंदाजाने लाखाच्या आसपास राहील. अमेरिकेत बॉक्सरच्या करारांसाठी २००० सालापासून मोहम्मद अलीच्या नावाचा कायदा आहे, आपल्याकडे तसं काही नाही, म्हणजे कागदावर जे असेल तेवढंच तुमचं. हे पत्र वाचणाऱ्या इतर घरांनाही सांगते, ज्यांच्याकडे आत्ता डोकेदुखी नाही, फाइट घ्यायचीच आहे, त्यांनी सही करायच्या आधी लेखी घ्यायचं की कपात जाऊन किती, कधी, वजन चुकलं तर किती कापणार, रिंगजवळ डॉक्टर आणि ॲम्ब्युलन्स आहे का, हॉस्पिटलचा खर्च कोणाचा आणि विमा किती. एजंट "भाऊ टेन्शन नको घेऊ" म्हणाला आणि कागद नाही पाठवला, तर जायचं नाही.

आणि ज्यांची पोरं विशीत आहेत आणि प्रो व्हायचं म्हणतायत त्यांना एक, आपल्या राज्यात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे ते मान्यताप्राप्त ॲमेच्युअर स्पर्धांच्या मेडलवर, प्रो फाइट कितीही जिंका, त्या सर्टिफिकेटला तिथे किंमत नाही. आधी मेडल, मग प्रो. उलटा रस्ता फार अवघड आहे. दिनेश कुमार याच वजनाचा, ८१ किलोत २००८ चं बीजिंग ऑलिम्पिक खेळला, २०१० च्या एशियन गेम्सला सिल्व्हर, अर्जुन पुरस्कार, मग अपघातात जखमी झाला आणि २०२० मध्ये भिवानीत वडिलांनी काढलेलं कर्ज फेडायला कुल्फीची गाडी लावून उभा होता. कुल्फी विकण्यात काही कमीपणा नाही, पण एवढ्या मोठ्या खेळाडूला कोणी हात दिला नाही याचं मला आजही वाईट वाटतं.

आता बोलायचं कसं, कारण तुला खरं तेच हवंय. "सोड" हा शब्द वापरू नकोस. सोडणं म्हणजे त्याच्या कानाला सगळं संपणं, सहा वर्षं पहाटे पाचला उठलेला माणूस आहे तो. "आत्ता नाही" म्हण. विजेंदर सिंग मार्च २०२१ मध्ये गोव्यात प्रो फाइट पहिल्यांदा हरला, त्यानंतर सतरा महिने लढलाच नाही, ऑगस्ट २०२२ मध्ये आपल्या शेजारी रायपूरला परत उतरला आणि जिंकला. तोच ग्वोझ्दिक, ज्याच्याबद्दल वर लिहिलं, २०२० मध्ये निवृत्त झाला आणि २०२३ मध्ये परत आला. थांबलेला माणूस परत येऊ शकतो, हे त्याला तुझ्या तोंडून ऐकू दे.

रात्री बोलू नकोस, सासूबाईंसमोर तर नाहीच. रविवारी सकाळी दोघं बाहेर जा, तर्री पोहे खा, पोराला आजीकडे ठेव. आणि त्याचंच वाक्य त्याला परत दे, "तू त्या रात्री डॉक्टरचं विचारलं होतंस ना, मी अपॉइंटमेंट घेतलीये." एवढंच. हॉपकिन्स नाही, वय नाही, पैसे नाही. तो चिडेल, चिडू दे, चिडचिड हेही लक्षणच आहे सध्या. त्याचा पहिला कोच कोण होता, ज्याने त्याला ग्लोव्ह बांधायला शिकवलं? त्यांना आधी फोन कर. बायकोचं ऐकलं तर लोक हसतील असं त्याला वाटत असेल, कोचने थांबवलं तर ते बॉक्सिंगच्या आतलंच असतं, त्यात लाज नाही. चांगल्या कोचचं ते कामच आहे, कॉर्नरमधून टॉवेल टाकणं.

सासूबाईंवर मात्र चिडू नकोस, त्यांना हिंमत म्हणजे काय एवढंच माहीत आहे. त्यांना डॉक्टरकडे सोबत ने. खरंच ने. डॉक्टरच्या तोंडून ऐकलेलं त्यांना पटेल, तुझ्या तोंडून नाही पटणार.

"तुझ्यामुळे राहिलं" ची भीती म्हणालीस. कदाचित म्हणेलही एखाद्या वाईट दिवशी. ते तू सहन करू शकशील असं मला तुझ्या पत्रावरून वाटतं. म्हणून निर्णय त्याच्याच हाताने लिहवून घे, वहीच्या पानावर, परत उतरायच्या त्याच्या अटी, जसं की डोकं दुखणं पूर्ण बंद होऊन इतके महिने झाले, न्यूरॉलॉजिस्टने लेखी हो म्हटलं, वजन तीन आठवड्यांत नाही तर तीन महिन्यांत उतरवलं, समोरचा माणूस कोचने निवडला. अटी त्याच्या, अक्षर त्याचं. मग उद्या दुसरा एजंट फोन करेल तेव्हा तुला मध्ये यावंच लागणार नाही.

पुढचं म्हणशील तर त्याच्याकडे विद्या आहे. आपल्या गावाची अल्फिया पठाण २०२१ मध्ये पोलंडला युथ वर्ल्ड चॅम्पियन झाली, तिला बघून ग्लोव्ह घालायला लागलेल्या मुली आणि पोरं इथे आहेत आणि त्यांना शिकवणारी, विशेषतः जड वजनाचं बॉक्सिंग कळणारी माणसं कमी आहेत. पतियाळाच्या एनआयएसचा, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, कोचिंगचा सहा आठवड्यांचा कोर्स आहे, वर्षाचा डिप्लोमा आहे. आणि नोकरी करून लढणंही कमीपणाचं नाही, हॉपकिन्सला ज्याने रिंगबाहेर पाडलं तो जो स्मिथ बांधकामावर मजुरी करायचा, पुढे २०२१ मध्ये याच वजनात वर्ल्ड चॅम्पियन झाला. पण हे सगळं आज नको सांगूस, आज डोकं. हे दोन-तीन महिन्यांनी.

एजंटला उत्तर मात्र लवकर द्यावं लागेल, ते लटकवून ठेवू नका, कारण तो रोज फोन करून पाचशे-हजार वाढवत राहील आणि तुमच्या घरात रोज तेच भांडण होईल. मेसेज त्यानेच टाकायचा, तू नाही: "भाऊ, मेडिकल चालू आहे, डॉक्टरचा क्लिअरन्स येईपर्यंत मी अव्हेलेबल नाही." एवढं पाठव म्हणावं आणि फोन पोराच्या हातात दे, कार्टून बघू दे त्याला तासभर.

तुझीच,
ताई